हाताने विणलेल्या स्वेटरची किंमत कशी काढायची? आधी टाके मोजा!



"मॅडम, स्वेटर पूर्ण हातानं विणलाय, कितीला सांगू?"

थंडी जवळ आली की हा प्रश्न दर आठवड्याला येतो. सोबत फोटो असतो आणि काम खरंच सुरेख असतं. मी उलट विचारते, "किती तास लागले?" तर उत्तर ठरलेलं: "तास कुठे मोजतो मॅडम, टीव्ही बघता बघता होऊन जातं."

छंद म्हणून विणत असाल तर हे उत्तर अगदी बरोबर आहे, मोजूच नका. पण पैसे घ्यायचे ठरवलंत की टीव्हीसमोरचे ते तास तुमचा कच्चा माल होतात. लोकरीचं बिल तुम्ही जपून ठेवता, मग तासांचं का नाही?

या वेळच्या व्हिडिओत आपण नाशिकच्या एका ताईंची विणकामाची पिशवी उघडली. नाव सांगायचं नाही ही त्यांची अट होती, म्हणून इथेही फक्त ताई. मिस्टरांचं दुकान बंद झालंय आणि मुलाच्या क्लासच्या फीसाठी त्यांना महिन्याला ६००० रुपये हवे आहेत. वीस-बावीस वर्षं विणतायत. प्रश्न साधा होता: विणकामातून हे ६००० निघतील का? व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून सगळा हिशोब इथे सविस्तर देते. वही-पेन घेऊन बसा.

आधी विकलेला स्वेटर बघू

ताईंनी मागच्या हिवाळ्यात एका ओळखीच्या काकांसाठी पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणला. १२०० रुपये घेतले, लोकर ताईंचीच. लोकर ५०० ग्रॅम, बिल ५५० रुपये. म्हणजे हातात उरले ६५०. "साडेसहाशे सुटले की!" असं त्या अगदी खुशीत म्हणाल्या.

आता टाके मोजू. स्वेटरची छाती १०० सेंटिमीटर, म्हणजे पाठीचा भाग ५० सेंटिमीटर रुंद. १० सेंटिमीटरला २२ टाके, म्हणून पाठीला ११० टाके. लांबी ६२ सेंटिमीटर आणि १० सेंटिमीटरला ३० ओळी, म्हणजे १८६ ओळी. ११० गुणिले १८६ केलं की वीस हजारांच्या वर जातं. काख आणि गळ्याची घट वजा केली तरी पाठीचे साधारण १८,५०० टाके उरतात. पुढचा भाग १८,०००. दोन बाह्या मिळून जवळपास २०,०००. गळ्याची पट्टी वगैरे धरून एकूण ५७,००० टाके!

ताईंचा वेग आम्ही तिथेच मोबाईलवर टायमर लावून मोजला. पाच मिनिटांत शंभर टाके, म्हणजे मिनिटाला २०. त्यात गप्पा, फोन, मध्येच गॅसवरची शिट्टी नाही हं, सलग विणून. ५७,००० भागिले २० म्हणजे २८५० मिनिटं, साडेसत्तेचाळीस तास. भाग जोडणं, टोकं लपवणं यांचे साडेचार तास धरा. झाले ५२ तास.

६५० भागिले ५२. तासाला साडेबारा रुपये.

ताई गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, तो एकदा उसवला पण होता."

का उसवला?

हा भाग नीट वाचा, कारण विणणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं आणि ते कुठल्याच वहीत दिसत नाही.

ताईंनी नमुना घेतला होता १० सेंटिमीटरला २२ टाक्यांचा, आठ नंबरच्या सुयांवर. सुया बरोबर आठ नंबरच्याच होत्या. पण ताईंचा हात सैल आहे. त्यांच्या हातात त्याच सुयांवर त्याच लोकरीचे २० टाके १० सेंटिमीटर होतात. फरक फक्त दोन टाक्यांचा. मात्र ११० टाक्यांची पाठ ५० ऐवजी ५५ सेंटिमीटर झाली, पुढचा भागही तेवढाच, आणि १०० चा स्वेटर ११० चा झाला. काकांच्या अंगात तो नाइट गाऊन दिसायला लागला. पाठ आणि पुढचा भाग दोन्ही उसवले. ३६,५०० टाके, म्हणजे तीस तासांहून जास्त काम गेलं. ते धरलं तर तासाला आठ रुपयेसुद्धा पडले नाहीत.

यावर उपाय म्हणजे गेजचा तुकडा. कुणी याला टेन्शन म्हणतात, कुणी सँपल. नाव काहीही द्या, पण ऑर्डरच्या कामात तो विणल्याशिवाय टाके घालायचे नाहीत. ज्या सुयांवर आणि ज्या लोकरीनं स्वेटर करायचा, त्यावरच साधारण १५ सेंटिमीटरचा चौकोन विणा. दहाचा विणू नका, कारण कडेचे टाके नेहमी ओढलेले किंवा सैल असतात आणि माप मधोमध घ्यायचं असतं. मग गिऱ्हाईक जसा धुणार तसा तो धुवा, सपाट वाळवा आणि नंतर १० सेंटिमीटरमधले टाके मोजा. टाके कमी भरले तर बारीक सुई, जास्त भरले तर जाड सुई. ताईंना नऊ नंबरवर बरोबर २२ आले. या तुकड्याला त्यांना एक तास लागला. एका तासाने तीस तास वाचत असतील तर हा विमा कुणीही काढेल!

सुयांच्या नंबरावरून अजून एक. आपल्याकडे दुकानात चालतो तो जुना इंग्लिश नंबर. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकन नंबर बरोबर उलटे चालतात, तिथे नंबर वाढला की सुई जाड. त्यांची आठ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. तेव्हा अमेरिकन व्हिडिओ बघून "आठ नंबर" लिहून घेतलात आणि आपल्या दुकानातून आठ नंबर आणलात, तर काम पहिल्या ओळीपासून चुकणार. मिलिमीटर बघा, नंबर विसरा. क्रोशा करणाऱ्यांसाठी तर गोंधळ आणखी मोठा आहे: अमेरिकन लोक ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच इंग्लंडमध्ये डबल क्रोशे म्हणतात. नमुना कुठल्या देशाचा आहे हे आधी तपासा.

पिशवीतले बाकीचे अपघात

ताईंकडे एक निळं लेडीज जॅकेट होतं. विणकाम अप्रतिम, पण विकलं जात नव्हतं. खोलीतल्या दिव्यात काहीच दिसेना. गॅलरीत उन्हात नेलं आणि कळलं, डावी बाही अंगापेक्षा किंचित हिरवट. लोकर दोनदा आणली होती. शेड नंबर तोच, पण लॉट वेगळा. रंगाच्या प्रत्येक घाणीत थोडा फरक पडतोच, म्हणून गुंड्याच्या पट्टीवर शेड नंबरसोबत लॉट नंबरही छापलेला असतो. सगळी लोकर एकदम घ्या, एक गुंडा जास्त घ्या आणि पट्टी वहीत चिकटवा. न उघडलेला गुंडा दुकानदार परत घेतो का हे आधीच विचारून ठेवा. आणि दुसऱ्या लॉटची लोकर वापरावीच लागली, तर एकदम बाही त्या लोकरीची करू नका. दोन ओळी जुन्या लॉटच्या, दोन ओळी नव्या, असं आलटून पालटून विणलं की डोळ्याला फरक कळत नाही.

दुसरा अपघात पिवळ्या झबल्याचा. सहा महिन्यांच्या बाळासाठी केलेलं, छाती बरोबर, पण डोकं आत जाईना. बाळांचं शरीर आपल्यासारखं नसतं. पहिल्या वर्षात डोक्याचा घेर छातीएवढाच, किंबहुना थोडा जास्तच असतो. सहाव्या महिन्यात डोकं साधारण ४३ सेंटिमीटर असतं. म्हणून गळ्याचे टाके जाड सुईवर सैल बंद करायचे आणि एका खांद्याला बटणाची उघडी पट्टी ठेवायची. बटणं दुहेरी दोऱ्यानं घट्ट शिवा, बाळ ती तोंडात घालणारच. गळ्याशी नाडी किंवा गोंड्याची दोरी नको, ती बाळाच्या गळ्याला आवळली जाऊ शकते. दिसायला गोड असली तरी नको. आजी आग्रह करतील, तरी नको.

तिसरी तक्रार गिऱ्हाइकाकडून आलेली: "बॉर्डर सैल पडली." विणकामात दोष नव्हता. लोकर अॅक्रिलिकची होती आणि स्वेटर इस्त्रीवाल्याकडे गेला होता. अॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरली की त्याचा ताण कायमचा जातो, परत येत नाही. शुद्ध लोकरीचा शत्रू वेगळा. ती गरम पाण्यात घुसळली की आटून जाड नमद्यासारखी होते. म्हणून प्रत्येक कपड्यासोबत एक चिठ्ठी द्या. अॅक्रिलिक असेल तर "इस्त्री करू नये". शुद्ध लोकर असेल तर "थंड पाण्यात हातानं धुवा, पिळू नका, सपाट वाळवा". चिठ्ठीला खर्च शून्य आणि भांडण टळतं.

अर्धवट कामं म्हणजे अडकलेले पैसे

दुकानदाराला विचारा, न विकलेला माल म्हणजे काय? तो म्हणेल, अडकलेलं भांडवल. विणणाऱ्याच्या पिशवीतल्या अर्धवट कामांचंही तेच आहे. लोकरीचे पैसे अडकलेत, सुया अडकल्यात, तास अडकलेत. ताईंकडे अशी चार कामं निघाली.

पहिलं, भाचीचं जॅकेट, फक्त एक बाही बाकी. आता ही एक बाही राहिलेली जॅकेटं महाराष्ट्रात घरोघरी सापडतील! पहिली बाही करताना उत्साह असतो, दुसरीला कंटाळा. (दोन्ही बाह्या एकाच सुईवर, दोन वेगळ्या गुंड्यांनी एकदम विणल्या तर हा प्रश्नच येत नाही, आणि लांबीही सारखी येते.) भाची तेव्हा आठ वर्षांची होती, आता अकराची. निर्णय: उसवायचं. लोकर वाया जात नाही. लडी करून चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा, टांगून वाळवा, वळ्या बऱ्याचशा जातात. ३०० ग्रॅम लोकर मोकळी झाली.

दुसरं, केसाळ लोकरीची शाल, निम्मी झालेली. अशी लोकर उसवत नाही, केस एकमेकांत गुंततात आणि धागा तुटतो. मी सांगितलं, आज रात्री टाके बंद करा आणि ती रुंद मफलर म्हणून विका. शाल होण्याची वाट बघत ती अजून दोन वर्षं पडून राहील.

तिसरं, चौकोनांचं बाळाचं ब्लँकेट. तीसपैकी वीस चौकोन तयार. हे पूर्ण करायचं, कारण उरलेलं काम कमी आणि विकणारी वस्तू.

चौथं, चार सुयांवरचा मोजा, टाचेपाशी अडलेला. ताई म्हणाल्या, "हा मी शिकतेय मॅडम, मजा येते." मी म्हटलं, मग हा या हिशोबात नकोच. त्याला वेगळी पिशवी. माझं स्पष्ट मत आहे की छंदाची पिशवी कायम ठेवा, तिला तास नाही, दर नाही, तारीख नाही. जिचा छंद मेला तिचं ऑर्डरचं कामही वर्षभरात बंद पडतं, हे मी बॅचमध्ये पाहिलेलं आहे.

मग विकायचं काय?

ताशी दर आम्ही ६० रुपये धरला. कमी आहे का? आहे. पण साडेबारावरून एकदम दीडशेवर उडी मारली तर गिऱ्हाईक मिळणार नाही, आणि ताईंना पैसे या महिन्यापासून हवेत.

मोठ्यांचा स्वेटर: ५२ तास गुणिले ६०, म्हणजे ३१२०. लोकर ५५०. किंमत ३६७०. दर हिवाळ्यात शहराशहरांत तिबेटी विक्रेत्यांचे स्टॉल लागतात, तिथे लुधियानाकडचा मशीनचा स्वेटर याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. तिथे आपण भावात लढू शकत नाही आणि लढायचंही नाही. ज्याला खास मापाचा, खास नमुन्याचा हवा आहे आणि किंमत मान्य आहे, त्याच्यासाठीच करा. निम्मी रक्कम आधी.

आता बाळाचा सेट बघा: स्वेटर, टोपडं, मोजे. अंगाचे आणि बाह्यांचे १३,६०० टाके, टोपड्याचे ४०००, मोज्यांचे २४००. एकूण २०,०००, म्हणजे १६ तास ४० मिनिटं. शिवण, बटणं धरून १९ तास. ११४० मजुरी, २२० लोकर, ४० बटणं आणि पॅकिंग. किंमत १४००. फक्त टोपडं आणि मोजे घेतले तर ६ तास, ३६० मजुरी, लोकर-पॅकिंग ११०, किंमत ४७०.

ही किंमत लोक देतात का? बारसं किंवा बाळंतविड्याची भेट असेल तर देतात, कारण तिथे गिऱ्हाईक स्वतःसाठी काटकसरीनं घेत नसतं, ते आहेर घेत असतं. शिवाय आपल्याकडे थंडी जेमतेम तीन महिने, पण बाळं बारा महिने जन्मतात. परदेशी मुलीच्या बाळंतपणाला निघालेली आई तर आवर्जून हातचं विणलेलं घेऊन जाते.

एक सापळा मात्र सांगून ठेवते. गिऱ्हाईक म्हणतं, "लोकर मी आणते, तुम्ही फक्त मजुरी सांगा." आणि आणतं अगदी बारीक लोकर. वजन कमी म्हणून मजुरीही कमी, असा त्यांचा समज. हिशोब उलटा आहे. जाड लोकरीत १० सेंटिमीटरच्या चौकोनात १६ टाके आणि २२ ओळी बसतात, म्हणजे ३५२ टाके. बारीक लोकरीत ३० टाके आणि ४० ओळी, म्हणजे १२००. तेवढ्याच कापडाला तिपटीहून जास्त काम! मजुरी वजनावर कधीही सांगू नका. लोकर हातात आल्यावर तुकडा विणा, टाके मोजा, मग आकडा सांगा. त्या तुकड्याचा तासही धरा.

६००० चं काय झालं?

६००० भागिले ६० म्हणजे महिन्याला १०० तास, पंचवीस दिवस रोज चार तास. ताईंचं मनगट दुखतं, त्यामुळे रोजचे चार तास मला पटेनात. म्हणून आम्ही काम वाटून टाकलं. पाच टोपडं-मोजे, ३० तास. दोन पूर्ण सेट, ३८ तास. ६८ तासांची मजुरी ४०८०. उरलेल्यासाठी शनिवार-रविवार घरातच शिकवणी, चौघींची बॅच, प्रत्येकी महिना ५०० रुपये, एकूण २०००. बेरीज ६०८०.

हे कागदावर. पहिल्या महिन्यात प्रत्यक्षात गेले तीन टोपडं-मोजे आणि एक पूर्ण सेट, मजुरी २२२०. शिकायला दोघी आल्या, १०००. एकूण ३२२०. सहा हजार नाही झाले. पण तास झाले सेटचे ३७ आणि शिकवणीचे ८, आणि साडेबाराचा दर गेला. ब्लँकेट पूर्ण झालंय, अजून विकलं गेलेलं नाही. दुसऱ्या महिन्यासाठी दोन सेटची आगाऊ रक्कम आली आहे.

ताईंनी आता एक साधी दोनशे पानी वही केली आहे. प्रत्येक कामाला एक पान: गिऱ्हाइकाचं माप, सुई किती मिलिमीटरची, गुंड्याची पट्टी चिकटवलेली, गेजचा तुकडा टाचणीनं लावलेला, रोज किती मिनिटं विणलं ते, आणि काही उसवलं असेल तर किती ओळी ते लाल पेननं. तोच सेट पुन्हा मागितला तर नव्यानं मोजदाद करायची गरज नाही, पान उघडायचं आणि टाके घालायचे.

तुम्ही आज एवढंच करा: टायमर लावा, पाच मिनिटं नेहमीच्या वेगानं विणा आणि टाके मोजा. तुमचा आकडा, सोबत तुम्ही सध्या काय विणताय आणि कितीला देताय, ते खाली कमेंटमध्ये लिहा. क्रोशाचा हिशोब थोडा वेगळा बसतो, तो पुढच्या व्हिडिओत घेते.